केवडा, औषध आणि बागेतली निवड

नाशिक

चि. अश्विनी,
अनेक आशीर्वाद.

अझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक मारूनही द्राक्षबागेतला केवडा रोग आटोक्यात येत नाही आणि दुकानदार मात्रा दीडपट करायला सांगतोय, असं तू कळवलंस. मात्रा अजिबात वाढवू नकोस. औषधात भेसळ असेलच असं नाही, आणि केवड्याला औषधाची सवय झाली असंही नाही. एखादा बीजाणू, म्हणजे रोग पसरवणारा सूक्ष्म कण, औषध सोसून सोसून तगडा होत नसतो. तो मरतो किंवा जगतो. बदलते ती बागेतली केवड्याची सगळी पैदास, आणि तो बदल आपली प्रत्येक फवारणी घडवते.

हिशेब करून बघ. समजायला सोपं जावं म्हणून धर, 10 लाख बीजाणूंमागे एकावरच हे औषध चालत नाही. फवारणीने बाकीच्यांतले 95 टक्के मेले, तो वाचला. आता प्रमाण 50,000 मागे एक. मधल्या दिवसांत सगळे सारख्याच वेगाने वाढले तरी ते प्रमाण तसंच राहतं. दुसऱ्या फवारणीनंतर 2,500 मागे एक, तिसरीनंतर 125 मागे एक, चौथीनंतर साधारण सहामागे एक. इथवर बागेत औषध छान चालताना दिसतं, कुणाला शंकाही येत नाही. पाचवीनंतर मात्र एका साध्या बीजाणूमागे तीन प्रतिकारक्षम! या पाच फवारण्या दोन हंगामांत विभागलेल्या असल्या तरी फारसा फरक पडत नाही. ‘गेल्या वर्षीपर्यंत चालत होतं’ असं शिवारात जो तो म्हणतो, त्याचं कारण हे आहे.

आता जनुकाकडे ये, कारण फवारणीचं सगळं नियोजन त्यावर ठरतं. अझॉक्सिस्ट्रोबिन केवड्याच्या मायटोकाँड्रियातल्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागातल्या) सायटोक्रोम बी या प्रथिनाला चिकटतं आणि पेशीची ऊर्जा तोडतं. या प्रथिनात 143 व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी अॅलनीन आलं की औषधाला तिथे बसता येत नाही. डीएनएतलं एकच अक्षर बदललेलं पुरतं. हे जनुक केंद्रकात नसून मायटोकाँड्रियात आहे, त्यामुळे बदल झाकून ठेवणारी दुसरी, जोडीदाराकडून आलेली प्रत तिथे नसते. असा बीजाणू जवळजवळ पूर्ण प्रतिकारक्षम असतो. दीडपट मात्रेने मरतात ते आधीच्या मात्रेलाही मरणारेच, आणि घडात औषधाचा अंश मात्र वाढतो. क्रेसॉक्सिम मिथाईल, पायराक्लोस्ट्रोबिन, फॅमोक्सॅडोन, फेनॅमिडोन हे सगळे त्याच प्रथिनावर काम करतात, सगळे गट 11 (औषध रोगाच्या पेशीत कुठे मारा करतं, त्यावरून दिलेला क्रमांक). म्हणजे डबा बदलला तरी गट तोच. मिश्र उत्पादनांत तर तो दुसऱ्या नावाखाली लपलेला असतो, म्हणून डब्यावरचा घटक वाच.

डायमेथोमॉर्फ आणि मँडीप्रोपामिड हे गट 40 चे. ते केवड्याची सेल्युलोजची पेशीभित्तिका घडू देत नाहीत. (भुरी हा द्राक्षावरचा दुसरा रोग; त्याच्या बुरशीची भिंत कायटिनची, म्हणून भुरीवर त्यांचा उपयोग नाही.) इथलं जनुक केंद्रकात आहे आणि त्याच्या दोन प्रती असतात. प्रतिकाराचा बदल अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती बदलल्याशिवाय बीजाणू वाचत नाही. बदललेली प्रत 1,000 मागे एक असेल, तर दोन्ही प्रती बदललेले निघतात 10 लाखांत एक. पण एकेक प्रत बाळगणारे 1,000 मागे दोन असतात. ते औषधाने मरत असल्यामुळे ओळखू येत नाहीत, आणि अशा दोघांचा संकर झाला की चारातलं एक अपत्य पूर्ण प्रतिकारक्षम निघू शकतं.

हा संकर रोगट पानाच्या आत होतो. त्यातून जाड भिंतीचे सुप्त बीजाणू तयार होतात आणि गळलेल्या पानांत टिकून राहतात. म्हणून छाटणीनंतरचा पालापाचोळा गोळा करून बागेबाहेर काढ. माझ्या मते गट 40 ची औषधं टिकवायला याहून स्वस्त उपाय नाही.

वेलीकडून मदतीची अपेक्षा ठेवू नकोस. थॉमसन सीडलेस काय किंवा तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश काय, प्लॉटमधली प्रत्येक वेल काडीपासून केलेली, एकाच जनुकसंचाची नक्कल आहे. अनुकूल हवेत केवड्याची पिढी आठवड्याभरात फिरते. वेल मात्र वर्षानुवर्षं तीच राहते.

या हंगामात गट 11 पूर्ण बंद ठेव. गट 40 चं औषध दोनदाच, लागोपाठ नको, आणि प्रत्येक वेळी मँकोझेबसोबत. मँकोझेब पेशीत अनेक ठिकाणी एकदम मारा करतं, त्यामुळे प्रतिकारक्षम बीजाणूही मरतात. पण मिश्रण केलं म्हणून जास्त वेळा फवारायची मुभा मिळत नाही: उरलेल्यांतली निवड चालूच असते, फक्त उरतात कमी. फवारणी डाग दिसण्याआधी, पोंगा (डोळे फुटण्याची अवस्था) ते फुलोरा या काळात पाऊस किंवा दवाचा अंदाज पाहून कर. डाग पसरल्यावर मारलं तर कोट्यवधी बीजाणूंतून निवड होते. निर्यातीचा माल असेल तर काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं अंतर) आधी तपास.

पावसाळ्यातल्या पानांवर एक टक्का बोर्डो मिश्रण वापर. 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना 50 लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या ड्रममध्ये. चुना गाळून घे आणि मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात ओतत ढवळ. स्वच्छ विळा मिनिटभर बुडव. तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घाल, नाहीतर पानं करपतील. त्याच दिवशी संपव. मणी धरल्यावर नको, घडांवर डाग राहतात.

मात्र जनुकाला दोष देण्याआधी खात्री करून घे. केवडा पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून शिरतो. ब्लोअरचं (फवारणी यंत्राचं) पाणी तिथे पोचत नसेल तर कुठलंही औषध हरेल. तेही ठीक असेल तर घरीच चाचणी कर. तेलकट डागांची पानं धुऊन, ओल्या कागदात गुंडाळून रात्रभर अंधारात ठेव. सकाळी आलेली ताजी पांढरी लव क्लोरीन नसलेल्या गार पाण्यात झटक. न फवारलेल्या वेलीच्या पानांच्या चकत्या कापून तीन ताटल्यांत ओल्या कागदावर उताण्या ठेव, म्हणजे खालची बाजू वर. एकीवर नुसतं पाणी, दुसरीवर अझॉक्सिस्ट्रोबिन, तिसरीवर डायमेथोमॉर्फ, दोन्ही शिफारशीच्या मात्रेत. सुकल्यावर बीजाणूंचं पाणी लगेच शिंपड, झाकून 20 ते 22 अंशांत ठेव आणि सातव्या दिवशी बघ. दुसऱ्या ताटलीत पहिलीइतकीच लव असेल तर निकाल स्पष्ट आहे. पहिलीतच लव आली नाही, तर बीजाणू शिळे होते. चाचणी पुन्हा कर.

निकाल काहीही येवो, शेजारच्या बागांनाही सांग. बीजाणू वाऱ्याने बांध ओलांडतात; त्यांनी गट 11 चालू ठेवला तर तिथली निवडलेली पैदास तुझ्याकडेही येणार.

तुझी,
आई