मा. क्रीडामंत्री यांस खुले पत्र : नोकरी दिलीत, आता सकाळ द्या

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : खेळाडू आरक्षणातून नेमलेल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या ड्यूटीच्या वेळा

महोदय,

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे चांगलेच आहे. पण मॅरेथॉनपटूची खरी अडचण नेमणुकीचा आदेश हातात पडल्यावर सुरू होते. म्हणून जपानमधल्या एका सरकारी कारकुनाची हकिगत आपल्यापुढे ठेवतो.

युकी कावाउची, जन्म १९८७. जपानचे बहुतेक अव्वल धावपटू कंपन्यांच्या पगारी संघांत असतात. हा मात्र २००९ मध्ये सैतामा प्रांताच्या सेवेत लागला आणि हायस्कूलच्या कार्यालयात फायली हाताळू लागला. नशीब असे की शाळा रात्रवर्गांची होती. काम दुपारी पाऊणच्या सुमारास सुरू होई आणि रात्री नऊनंतर सुटे. सकाळ पूर्ण मोकळी.

त्या सकाळीवर त्याने सगळा डोलारा उभा केला. बुधवारी ट्रॅकवर वेगाचा सराव, उदाहरणार्थ १००० मीटर पंधरा वेळा. शनिवार-रविवारी लांब धाव किंवा थेट शर्यत. उरलेले दिवस दीड-पावणेदोन तास सावकाश जॉग, किलोमीटरला साडेचार ते पाच मिनिटांनी. महिन्याला साधारण ६०० किलोमीटर; कंपन्यांचे धावपटू १००० च्या पुढे जातात. लांब सरावाला सोबती नसल्याने तो शर्यतीच सराव म्हणून धावे. २०१३ मध्ये ओइताला २:०८:१५, सहा आठवड्यांनी सोलला २:०८:१४. त्याच डिसेंबरात फुकुओकाला २:०९:०५ आणि दोनच आठवड्यांनी होफूला २:०९:१५. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन त्याने गारठवणाऱ्या पावसात, समोरचा वारा झेलत २:१५:५८ मध्ये जिंकली, तेव्हाही तो सरकारी नोकरच होता. २:२० च्या आत शंभराहून अधिक मॅरेथॉन, हा त्याचा विश्वविक्रम. म्हणजे दर किलोमीटर ३ मिनिटे १९ सेकंदांच्या आत, तेही बेचाळीस किलोमीटर.

इतक्या शर्यती प्रत्येकाला झेपणार नाहीत, तेवढी नक्कल करूही नये. शिवाय २०१९ मध्ये नोकरी सोडून व्यावसायिक झाल्यावरच, २०२१ मध्ये बिवा सरोवराच्या शर्यतीत त्याने २:०७:२७ ही स्वतःची सर्वोत्तम वेळ दिली. पूर्णवेळ सरावाला तोड नाही, हे मान्य. पण ज्याला नोकरी करूनच धावायचे आहे, त्याच्यासाठी ठरलेली वेळ हाच खुराक आहे.

आपल्याकडे नेमके तेच हुकते. रात्रभर बंदोबस्त, पहाटे पाचला ट्रॅक. झोप नाही, पायांत साखरेचा साठा भरलेला नाही. पंधरापैकी सहाव्या-सातव्या फेरीलाच वेग पडतो. मग राहिलेली कसर दुसऱ्या दिवशीच्या सावकाश धावेत भरून काढली जाते, आणि तिथेच नडगीचे दुखणे सुरू होते.

आमची पहिली मागणी : अशा धावपटूंना दुपारची ड्यूटी, निदान बुधवार आणि शनिवारची सकाळ मोकळी द्यावी. तीही शासन निर्णयात लिहून, साहेबांच्या मर्जीवर सोडून नव्हे. दुसरी : विशेष नैमित्तिक रजा प्रमाणित मार्गावरच्या खुल्या मॅरेथॉनलाही मिळावी.

तिसरी मागणी मार्ग मोजण्याची. गाडीच्या मीटरवर मोजलेल्या शर्यतीतली वेळ कुठेच ग्राह्य धरली जात नाही. मार्ग मोजायचा तो सायकलच्या पुढच्या चाकाला काउंटर लावून, वळणांवर सर्वांत जवळची रेष धरून. पोलादी टेपने आखलेल्या किमान ३०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर मोजणीआधी चार आणि नंतर चार फेऱ्या मारून काउंटर जुळवतात. वर किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरायचा, म्हणजे मार्ग आखूड भरत नाही. हे काम जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना शिकवता येईल.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. तिची सोळा आठवड्यांची तयारी सप्टेंबरअखेर सुरू होते. ड्यूटीच्या वेळांचा आदेश त्याआधी निघावा, ही विनंती.

आपले,
लांब पल्ल्याच्या धावपटूंचे काही प्रशिक्षक