पावसात सापडलेल्या सालाची वाइन

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. फ्रान्समध्ये तूलूझला जाऊन महिना होत नाही तोच तिथल्या बोर्डो प्रांतातल्या वाइनच्या, २०१३ सालच्या सहा बाटल्या घरात! स्वस्तात मिळाल्या यात नवल नाही, ते साल बदनामच आहे. पण चाखायच्या कशा हे आधी विचारलंस, फार बरं केलंस. पावसाळी सालाची वाइन उन्हाळी सालाच्या मापाने मोजली तर तिच्यावर निव्वळ अन्याय होतो.

त्या वर्षी बागेत काय झालं ते आधी डोळ्यांपुढे आण. तू नाशिककडचा, तुला फार फोड करून सांगायला नको. वसंत थंड आणि ओला गेला, फुलोरा लांबला आणि मेर्लो या लाल वाइनच्या द्राक्षाची जबर फुलगळ झाली. राहिलेल्या घडांत मणी लहानमोठे, म्हणजे पिकलेला आणि हिरवा एकाच घडात शेजारी शेजारी. जुलै छान तापला. २ ऑगस्टला बोर्डोतल्या आंत्र-द-मेर भागात गारपीट झाली. मग सप्टेंबरअखेर, ऐन तोडणीच्या तोंडावर, उबदार दमट पाऊस. मुळांनी पाणी ओढलं की मणी फुगतो, पातळ सालीचा मेर्लो तडकतो आणि त्या भेगेतून बोट्रायटिसची करडी बुरशी आत शिरते. काबर्ने सोव्हिन्यों या दुसऱ्या लाल द्राक्षाची साल जाड, पण ते पिकतं उशिरा. कूज पसरताना दिसल्यावर थांबणार कोण? पूर्ण पिकायच्या आतच तोडलं. १९९१ नंतर इतकं कमी उत्पादन तिथे आलं नव्हतं.

(आपल्याकडे डावणी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगावर १०० लिटर पाण्यात साधारण १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना घालून जे बोर्डो मिश्रण फवारतात, ते मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये जगापुढे मांडलं, ते बोर्डोतल्याच मेडॉक भागातल्या बागांवरून. पाऊस फवारा धुऊन नेतो आणि चिखलात ट्रॅक्टर घालता येत नाही, हे दुखणं दोन्हीकडे सारखंच.)

म्हणजे पेल्यात दोन वेगळे दोष शोधायचे: कच्चेपणा आणि कूज. यांची गल्लत करू नकोस. कच्चेपणाचा वास ढोबळी मिरची चिरल्यासारखा असतो. पायराझिन नावाची द्रव्यं त्यामागे असतात आणि ती मणी पिकताना कमी होतात. थोडा वास असला तर बिघडत नाही, काबर्नेला तो शोभतोही. जिभेवर मात्र बघ: हिरव्या बियांतून उतरलेला तुरटपणा कडवट असतो, हिरड्या सुपारी चघळल्यासारख्या कोरड्या पडतात. कुजीचा वास निराळा, ओल्या मातीचा किंवा बिटाचा. पहिल्या पावसाच्या मृद्गंधात जे जिओस्मिन असतं, तेच कुजक्या घडांतून वाइनमध्ये येतं. अंगणात हवाहवासा वाटणारा हा वास पेल्यात फळाला झाकून टाकतो. नाक त्याला चटकन सरावतं, म्हणून पहिल्या हुंगण्यात जे कळलं तेच लिहून ठेव. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बहुधा बुचाचा, सालाचा नाही.

रंगावरून घाईने निकाल देऊ नकोस. कुजक्या मण्यांतलं लॅकेज हे विकर रंग जाळतं हे खरं, पण दहा वर्षांवरच्या लाल वाइनची कड विटकरी होतेच.

आता तयारी. बाटल्या आदल्या दिवशी उभ्या करून ठेव, गाळ तळाशी बसेल. लाल वाइन १६ अंशांवर हवी. १२-१३ वर गेली की तुरटपणा उगाच बोचतो, २० वर दारू नाकात चढते. तासन्‌तास हवा देऊ नकोस. एवढी नाजूक वाइन तेवढ्यात विझते. गाळावरून अलगद ओतून घे आणि अर्ध्या तासात चाख. वर निमुळता होत गेलेला पेला घे, दर वेळी ५० मिली पुरे. क्रम असा: कोरडी (म्हणजे गोड नसलेली) पांढरी, मग सेंत-एमिलियों आणि मेडॉक या भागांतल्या लाल, शेवटी सोतेर्नची गोड.

माझ्या मते खरी परीक्षा घोटाच्या मधल्या टप्प्यात होते. सुरुवातीला फळ, शेवटी घशात ऊब आणि मध्ये पोकळ, असं वाटलं तर रसात साखर घालून दारू वाढवली असावी. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखरेने १ टक्का अल्कोहोल वाढतं, पण वाइनचं अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, काही वाढत नाही. ओकच्या नव्या पिंपाचा भाजका वास फळावर बसला असेल तर तिथे बनवणाऱ्याचा हात चुकला. ज्यांनी कुजके घड निर्दयपणे फेकले, साली फार घुसळल्या नाहीत आणि हलकी वाइन हलकीच राहू दिली, त्यांची बाटली तुला लगेच ओळखू येईल. रेडकरंट या छोट्या लाल फळाची आंबटगोड चव, स्वच्छ शेवट, आणि जेवणासोबत दुसरा पेला घ्यावासा वाटणं. अशा वाइनला 'पाणचट' म्हणणं मला पटत नाही.

पेसाक-लेओन्यां या भागातल्या पांढऱ्या वाइनची द्राक्षं मोठ्या पावसाआधी तोडलेली, तिची काळजी नको. आणि सोतेर्न तर मुद्दाम सावकाश घे. ज्या बुरशीने लाल द्राक्षांचा घात केला, तीच सोतेर्नमध्ये सेमियों या पांढऱ्या द्राक्षाच्या पिकल्या मण्यांवर बसून त्यातलं पाणी उडवते आणि साखर व आंबटपणा दाट करते. सिरों नदीचं थंड पाणी गारोनला मिळतं तिथे सकाळी धुकं धरतं, दुपारी ऊन पडलं की मणी सुकतो. २०१३ ची सोतेर्न आंबटपणामुळे मुळीच मठ्ठ लागत नाही. १० अंशांवर गार कर आणि सोबत रोकफोर चीज ठेव, तुझ्या भागातलंच आहे.

२०१० या नावाजलेल्या सालाची बाटली तुलनेला उघडायची म्हणतोस, पण ती आधी नको. उघडलीसच तर लाल वाइनच्या नोंदी पूर्ण झाल्यावर, आणि त्या नोंदी मग खोडू नकोस. मला आहेत तशाच पाठव.

तुझा,
विनय