काकांच्या गाडीबद्दल

प्रिय मित्रा,

मेसेज वाचला, काकांच्या गाडीची चावी काढून घ्यायची म्हणतोयस. अरे थांब जरा. काळजी कळते मला, पण नुसतं वय ७८ झालं म्हणून गाडी बंद हे मला पटत नाही.

आधी डोळे तपासून घे. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या पोराच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, त्यात मोतीबिंदू असेल तर रात्री समोरून हेडलाइट आला की काही सेकंद काहीच दिसत नाही. ऑपरेशनने खूप फरक पडतो रे. आणि गोळ्यांची पिशवी डॉक्टरांना दाखव, झोपेची गोळी, ॲलर्जीची गोळी, यांची सुस्ती सकाळपर्यंत राहू शकते.

मग एक दिवस शेजारी बस आणि गप्प बसून बघ. रिव्हर्स घेताना मान पुरती वळते का, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या मधून वळण घेताना अंदाज चुकतो का, कारण म्हातारपणी गडबड होते ती बहुतेक अशाच वळणांवर. पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर बसायला हवा, छाती आणि स्टिअरिंगमध्ये २५ सेंटीमीटर तरी अंतर हवं. तरण्या माणसाला जो धक्का नुसता मुका मार देतो त्यात त्यांच्या बरगड्या मोडतात.

जमत नसेल तर आधी रात्रीची बंद कर, मग हायवे, मग गर्दीची वेळ.

आणि गाडी सुटली की काका चालत जाणार, हे कुणी बघतच नाही! कितीतरी सिग्नल माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून लावलेले असतात, गुडघे धरलेला माणूस जेमतेम ०.८ चालतो, म्हणजे १२ मीटरचा रस्ता १० सेकंदांऐवजी १५ सेकंदांचा झाला, शेवटचे ५ सेकंद ते सुटलेल्या गाड्यांसमोर. मधे दुभाजकावर थांबायला जागा असेल तोच रस्ता त्यांना दाखव, लांब पडला तरी चालेल.

म्हणून चावी घ्यायच्या आधी त्यांना कोण कधी नेणार ते ठरव, आणि फक्त दवाखान्यात नाही हं, मित्रांकडेसुद्धा, नाहीतर माणूस घरात बसून खचतो. हे सगळं काकांना समोर बसवून ठरव, त्यांच्या पाठीमागे नको.

रविवारी फोन करतो, काकांनाही दे बोलायला.

तुझाच