फरशीच्या भांडणात तिसरा माणूस हवा

मा. संपादक,

कुपवाड-मिरज भागात मी फरशी बसवण्याची कामे घेतो. फरशी पोकळ वाजली, कड वर आली की पहिला धरायचा तो मिस्त्रीला, हे आमच्याकडे ठरलेलेच. दुकानदार म्हणतो, माल एक नंबर होता, बसवणाऱ्याने घाण केली. कंपनीचा माणूस येतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि फोनवर तेच कळवतो. त्याला पगार कोण देतो हे घरमालकालाही समजते, पण अडकतात ते माझे राहिलेले पैसे.

मिस्त्रीचे चुकतच नाही असे मी म्हणणार नाही. व्हिट्रिफाइड टाइल (काचेसारखी घट्ट भाजलेली) पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून सिमेंटच्या स्लरीवर, म्हणजे पातळ घोळावर, तिची पकड कच्ची राहते. तिला ॲडेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा खास मसाला लागतो. खर्च वाचवायला काही मिस्त्री स्लरीवर भागवतात, कधी मालकच म्हणतो, "कशाला ते ॲडेसिव्ह?" भिंतीकडेला फट सोडली नाही, तर एप्रिल-मेच्या उन्हात फरशी फुगून मधोमध उचलते.

पण लाकडासारख्या दिसणाऱ्या लांब पट्ट्या घ्या. ही पट्टी भट्टीतूनच किंचित बाक घेऊन येते. नकाशात सांधे विटांसारखे अर्ध्यावर दाखवलेले असतात. मग एकीचा उंच मध्य दुसरीच्या उतरलेल्या टोकाशेजारी येतो आणि चालताना अंगठ्याला ठेच लागते. सांधा एक तृतीयांशावर घेऊ म्हटले, तर डिझाइन बिघडते म्हणे! आता दोष टाइलचा, नकाशाचा की माझा?

हे सांगायला ज्याचे कुणाशीच देणेघेणे नाही असा तपासणीस हवा. त्याने सगळ्यांसमोर दोन मीटरची सरळ पट्टी ठेवावी, उरलेल्या कोऱ्या टाइलचा बाक मोजावा, पोकळ जागची एखादी टाइल उचलून तिची पाठ बघावी. पाठ कोरी निघाली तर पकड बसलीच नव्हती. ॲडेसिव्ह पाठीला चिकटून खालून सुटले असेल, तर खालचा कोबा (सिमेंटचा थर) धुळकट किंवा कच्चा होता का ते बघावे लागते. म्हणून मालकांनो, चार-दोन टाइल आणि बॅच नंबर असलेला खोका जपून ठेवा.

२०१६ च्या रेरा कायद्यानुसार (बिल्डरांवरचा घरखरेदीचा कायदा) ताब्यापासून ५ वर्षांत कामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. स्वतःच्या घराचे काम असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण कुठेही गेलात तरी नुसते "फरशी खराब" म्हणून भागत नाही. दोष नेमका कशात, हे जाणकाराने लिहून दिलेले असले तर बोलण्याला वजन येते.

सांगलीत वालचंदसारखे जुने अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, निवृत्त स्थापत्य अभियंतेही पुष्कळ आहेत. इंजिनिअर आणि बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांनी अशा तपासणीसांची यादी दरासह जाहीर करावी. फी आधी दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी भरावी आणि अहवालात ज्याचा दोष निघेल त्याने दुसऱ्याचे पैसे परत द्यावेत. काम सुरू होण्यापूर्वीच कोटेशनवर हे लिहून घेतले, तर मी पहिली सही करीन. अट एकच: ज्याने तपासले त्याने दुरुस्तीचे काम घ्यायचे नाही, आणि टाइलही विकायची नाही.

– एक फरशी मिस्त्री, कुपवाड (जि. सांगली)