विषय: "१०० टक्के नायलॉन" म्हणून विकलेली, पण पाण्यावर तरंगणारी दोरी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आत्ताच तुमच्या माणसाने बोलता बोलता फोन ठेवला, म्हणून हे लेखी.

तुमची १४ मिलिमीटरची दोरी मी चिक्कोडीच्या दुकानातून किलोवर घेतली. वेष्टनावर "१०० टक्के नायलॉन, मरीन ग्रेड" असं छापलंय. आमची नाव २२ फुटी, नदीकाठच्या मळीतलं वाडं (उसाच्या शेंड्यांचा चारा) आणि माणसं पलीकडून आणायला. एवढ्या नावेला १२ मिलिमीटरही पुरते, तरी मी एक नंबर जाडच घेतली, कारण नायलॉन भिजलं की त्याची ताकद दहा-पंधरा टक्के उतरते. दगडाच्या धारेवर घासू नये म्हणून पाइपाचा तुकडाही चढवला होता. सांगायचं कारण, तुमच्याकडून पहिला प्रश्न नेहमी "नीट बांधली होती का" हाच येतो.

नीट बांधली होती. तुटली ती गाठीत नाही, घाटाच्या धारेवरही नाही. मधोमध तुटली, जिथं दिवसभर ऊन लागतं तिथं. तो भाग चिमटीत धरून चोळला की पांढरा भुगा हाताला लागतो. वर कोयनेतून पाणी सोडलं की आमच्याकडे कृष्णा रात्रीत चढते, कल्लोळ-येडूरचा पूल पाण्याखाली जातो, हे इथं पोरासोरांनाही ठाऊक आहे. अशा वेळी नाव हिसके देते. ते हिसके ताणून घेऊन जिरवायचे, यासाठीच तर माणूस जास्त पैसे मोजून नायलॉन घेतो. तुमची दोरी ताणली नाही, तुटली. नाव वाहून जाऊन खालच्या बाभळीत अडकली, बाजूची फळी फुटली.

आता मुद्द्याचं. तुटलेलं टोक पाण्यावर तरंगत होतं. पाण्याची घनता १, नायलॉनची १.१४, ते बुडतं. तरंगतं ते पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक, ०.९१. काडी लावून पाहिली तर मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला. हे मी तुम्हाला शिकवायचं? दोऱ्या तुम्ही करता.

आणि हेच मी फोनवर सांगितलं. फोनवर कन्नडसाठी एक, हिंदीसाठी दोन. मराठी नाहीच, तेही सोडा, आम्हाला तिन्ही येतात. कन्नडमध्ये सगळं ऐकून घेतल्यावर पलीकडचा गृहस्थ म्हणाला, "सर, दोरी तरंगते हा तर प्लस पॉइंट आहे. हातातून सुटली तरी सापडते." मी म्हटलं, दोरी सापडली हो, नाव सापडत नव्हती. तर म्हणे, "मग नावेची तक्रार नावेच्या कंपनीकडे करा." नाव आमच्या गावच्या सुतारानं बांधलीय, त्याच्याकडे कस्टमर केअर नाही, असं मी सांगितलं. त्यावर थोडा वेळ शांतता, मग विचारतो, "सर, दोरी पाण्यात भिजली होती का?" नावेची दोरी! मी वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं. तो म्हणाला, "ग्राहक समाधानी, असं लिहून तक्रारीचं तिकीट बंद करतो," आणि फोन ठेवला. समाधानी! हे वाक्य तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये असेलच. "दर्जा सुधारण्यासाठी" ते ठेवता म्हणे, तर ऐका एकदा.

शिवाय तरंगणारी ढिली दोरी शेजारच्या इंजिनाच्या नावेच्या पंख्यात गेली असती तर? हाही प्लस पॉइंटच ना?

पुन्हा सांगतो: वेष्टनावर नायलॉन, आत नायलॉन नाही. पैसे नायलॉनचे घेतले. आणि जे दिलंत त्यात ऊन सोसायचा मसालाही नीट घातलेला दिसत नाही, नाहीतर पॉलिप्रॉपिलीनचाही असा भुगा होत नाही.

वडिलांपासून आमच्या घरात तुमचीच दोरी. विहिरीला, बैलगाडीला, सगळीकडे. २०१९ च्या पुरातही जुनं दावं टिकलं होतं, म्हणून विचार न करता तुमचंच नाव सांगितलं दुकानात. आता त्याच दुकानात उभं राहून मी काय सांगतो, ते तुमच्या डीलरला विचारा.

दोरीची पूर्ण रक्कम, फळीच्या दुरुस्तीचा खर्च आणि हा माल नेमका कशाचा आहे याचं लेखी उत्तर, हे तिन्ही पंधरा दिवसांत हवं. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. वकील लागत नाही तिथं. दोरीचा तुकडा आणि बादलीभर पाणी पुरेल.

उत्तर पत्रानेच द्या. फोन करू नका.

आपला ग्राहक (समाधानी नसलेला)
ता. चिक्कोडी, जि. बेळगाव

सोबत: पावती, वेष्टनाचा फोटो, सुताराचं बिल