काकू, त्या शनिवारबद्दल

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

फेब्रुवारीत लेकीच्या पाचवीच्या वर्गात अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या काळातली एक कादंबरी सुरू होती. केंटकीतल्या मळ्यावरून गुलाम आई मुलीला घेऊन रात्री ओहायो नदी ओलांडते आणि धाकटा मुलगा मागे राहतो. तिसऱ्या रात्री लेक माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, तू मला असं ठेवून गेली असतीस?" मला उत्तर देता आलं नाही. हिला या पुस्तकातून वगळा, अशी ईमेल मी बाईंना लिहूनही ठेवली होती. ती पाठवण्याआधी तुम्हाला फोन केला. इतकी वर्षं इथल्या शाळेचं ग्रंथालय सांभाळलेल्या तुम्ही एवढंच म्हणालात, "शनिवारी तिला घेऊन ये. रिप्लीला जाऊ."

रिप्ली हे ओहायो नदीकाठचं गाव. निसटून आलेल्या गुलामांना आसरा देणाऱ्या रँकिन कुटुंबाच्या टेकडीवरच्या घरासमोर वारा नुसता झोंबत होता. खाली नदी, पलीकडे तेव्हा गुलामगिरी असलेलं केंटकी, अलीकडे ती नसलेलं ओहायो. या घराच्या खिडकीत रात्री दिवा असायचा, हे तुम्ही तिला सांगितलंत. जॉन पार्करबद्दलही सांगितलंत. आठव्या वर्षी आईपासून तोडून विकलेला हा माणूस, 1845 मध्ये पैसे भरून स्वतःला सोडवून घेतो, रिप्लीत ओतशाळा चालवतो आणि रात्री होडी घेऊन पुन्हा पलीकडे जातो, दुसऱ्यांना आणायला. पुस्तकात नदी ओलांडली की सुटल्यासारखं वाटतं. पण 1850 च्या कायद्यानंतर अलीकडच्या काठावरूनही माणसाला धरून नेता यायचं आणि आसरा देणाऱ्याला हजार डॉलर दंड, सहा महिने तुरुंग होऊ शकायचा. हे ऐकताना लेकीने माझा हात घट्ट धरला होता.

मग तिने तुम्हालाही तोच प्रश्न विचारला. तुम्ही तिला विल्यम स्टिलच्या आईची गोष्ट सांगितलीत. मेरीलँडहून निसटताना तिला दोनच मुली नेता आल्या, लेव्हिन आणि पीटर हे दोन मुलगे मागे राहिले. लेव्हिन गुलामीतच गेला. पीटर चाळीसेक वर्षांनी, 1850 मध्ये, आईचा शोध घेत फिलाडेल्फियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत आला आणि तिथला कारकून त्याची हकीकत ऐकता ऐकता थबकला. तो विल्यम होता, त्याचा कधी न पाहिलेला धाकटा भाऊ. ताटातूट झालेल्यांना एकमेकांचा माग लागावा म्हणून विल्यम येणाऱ्या प्रत्येकाची हकीकत जपून लिहीत राहिला. 1872 मध्ये ती छापली.

"म्हणजे आई भेटली त्याला?" लेकीने विचारलं. भेटली, म्हातारी झालेली. परतीच्या गाडीत लेक शांत झोपली.

आणखी एक. ती "पळून गेले" म्हणाली तेव्हा तुम्ही तिला थांबवलंत. आपल्याकडे पळपुटा म्हणजे भित्रा, ही माणसं तशी नव्हती. तेव्हापासून ती "स्वतःची सुटका केली" म्हणते. वर्गात अर्ध्या मुलांनी पळायचं आणि अर्ध्यांनी पकडायचं, असा खेळ ठरला होता. तोही तुमच्यामुळे टळला. कुणाच्या तरी पणजोबांच्या जिवावर बेतलेलं हे, त्याचा खेळ करायचा नसतो, हे मला मनापासून पटलं होतं, पण बाईंना कसं सांगावं ते कळत नव्हतं. ती ईमेल तुम्ही माझ्याशेजारी बसून लिहून घेतलीत. बाईंनी त्याऐवजी निसटलेल्या गुलामांना पकडून देण्यासाठीच्या, त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती वाचायला दिल्या. वय, अंगावरचे व्रण, बक्षिसाची रक्कम. मुलांनी त्या माणसांना आपल्या बाजूने पत्रं लिहिली.

जोतीरावांच्या 'गुलामगिरी'ची तुमची प्रत अजून आमच्याकडेच आहे. 1873 चं पुस्तक, स्टिलच्या पुस्तकानंतर एकाच वर्षाने आलेलं. गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलंय, हे मी पुण्यात शिकूनही मला माहीत नव्हतं. लेक ती अर्पणपत्रिका अक्षर अक्षर लावत वाचते आहे. 'परोपकार'पाशी अडली आहे. पुढच्या रविवारी मराठी शाळेत घेऊन येईल, तेव्हा तुम्हीच सांगा.

तुमची,
तिची आई