त्या उतारावर धावून आलेल्यांना

रविवारी सकाळी उतारावर वेग वाढला आणि माझा स्केटबोर्ड थरथरायला लागला. मी घाबरून वजन मागच्या पायावर टाकलं, तशी थरथर आणखीच वाढली. पुढचं आठवतं ते डांबर आणि गालात रुतलेली खडी. तुमच्यापैकी एका ताईंनी माझं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरलं. "मान हलवू नकोस, हेल्मेट राहू दे," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. एक काका वर धावत जाऊन गाड्या थांबवत होते. कोपराच्या जखमेवर कोणीतरी स्वतःचा निळा रुमाल घट्ट दाबून धरला होता, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत. मनगट मोडलंय, हेल्मेटला तडा गेलाय, डोकं मात्र शाबूत आहे. नावं विचारायची राहूनच गेली. तुम्हा सगळ्यांचे अगदी मनापासून आभार. रुमाल धुऊन जपून ठेवलाय.